बुजवलेली तिकीट खिडकी

मी फिजिक्स शिकवतो. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहाला जाणारा माणूस... त्यामुळं हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

लातूरला लागूनच जुन्या नॅरोगेजचं एक छोटं स्टेशन होतं. ब्रॉडगेज आली, रूळ उचलले, इमारत बरीच वर्षं कुलपात पडली. पुढं क्लासेसचं पेव फुटलं, तेव्हा आमच्या क्लासनं ती भाड्यानं घेतली. वेटिंग रूमची अभ्यासिका केली. तिकीट खिडकी विटांनी बुजवून वर रंग दिला — माझ्यासमोरच.

उज्ज्वला बारावीला होती, शिरूर अनंतपाळची. एका सकाळी अकराच्या सुमारास मी पेपर तपासत होतो, तेव्हा माझ्या टेबलापाशी आली.

"सर, घरी जायचंय."

"का?"

"खिडकीतले काका म्हणले, आजच जा. आजी छबू म्हणून हाक मारंल, तू ओ दे."

"छबू कोण?"

"माहीत न्हाई, सर."

मी मान वर न करताच भिंतीकडं बोट केलं. "खिडकी कुठाय? झोप होत नाही तुझी. उद्याची टेस्ट दे, मग जा."

ती जागेवर जाऊन बसली.

टेस्ट देऊन दुसऱ्या दिवशी एसटीनं गेली... आजी आदल्या संध्याकाळीच वारली होती. पोरीची परीक्षा म्हणून घरच्यांनी कळवलं नव्हतं.

आठवड्यानं तिचे वडील अभ्यासिकेतलं तिचं सामान न्यायला आले. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "छबू कोण हो?"

त्यांनी हातातली बॅग खाली ठेवली. "माझी बहीण. आम्ही मूळचे किल्लारीकडचे. भूकंपात ती सापडलीच न्हाई. कुणीतरी म्हणलं, एका पोरीला गाडीत बसवलंय... मग माय आठ दिवस ह्याच टेसनात बसून. हर गाडीला खिडकीवर जाऊन इचारायची. पुढं घरात कुणी ते नावच काढलं न्हाई. पोरींना तर ठाऊकच न्हाई." मग म्हणाले, "माय गेली त्या दिवशी सकाळधरनं छबू, छबू करायली होती. आम्ही समजावायलो, छबू न्हाई आता. ऐकंना. दिवस मावळेपर्यंत हाका मारल्या."

मी त्यांना काहीच सांगितलं नाही. सामान उचलू लागलो, एवढंच. उज्ज्वला परत आमच्याकडं आली नाही.

खिडकीत कोण होतं, याचा उलगडा मला आजही झालेला नाही. पण ती पोरगी समोर उभी राहून घरी जाऊ द्या म्हणत होती, आणि मी मान वर न करता पेपर तपासत होतो... त्याला कसलं स्पष्टीकरण लागतं?