ठेवू की पुसू?

आमच्या टेपवाल्या बाई हौसेने लोकांचे आवाज जमवायच्या आणि बोलणाऱ्याने नको म्हटलं की घरी जाऊन तितक्याच निष्ठेने पुसून टाकायच्या. मुलुंडच्या आमच्या कॉलेजात त्या इतिहास शिकवत. कॉलेजला पंचवीस वर्षं होणार म्हणून जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी टेप करायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं आणि जडशीळ टेपरेकॉर्डर उचलायचं माझ्या अंगावर टाकलं होतं.

कुणी जुनं ओळखपत्र काढून दाखवी, कुणी गॅदरिंगचा फोटो. शेवटी बाई सगळं बोलणं परत ऐकवायच्या आणि विचारायच्या, "ठेवू की पुसू?" एका गृहस्थांनी कॉलेजातलं प्रेमप्रकरण रंगवून सांगितलं, पण बायको कप न्यायला आली तशी घाईघाईने पुसायला लावलं. मी हळहळलो. बाई म्हणाल्या, "आठवण त्यांची आहे रे. आपण नुसते हमाल."

माझे बाबाही त्याच कॉलेजात काही महिने होते. धाकट्या भावंडांसाठी शिक्षण सोडून ते गिरणीत लागले, हे आम्ही लहानपणापासून अभिमानाने ऐकत आलो होतो. म्हणून मीच बाईंना घरी नेलं. संपानंतर बाबा घरीच असत, फारसं बोलत नसत. बाईंसमोर मात्र मोकळे झाले. इंग्रजीच्या तासाला त्यांना धडा वाचायला उभं केलं होतं आणि ते वाचत असताना सगळा वर्ग हसला होता. दुसऱ्या दिवसापासून ते गेलेच नाहीत.

"भावंडांचं नाव पुढे केलं, बाई. खरं तर पळालो मी."

टेप परत ऐकताना त्यांची नजर माझ्याकडे गेली. मी खोलीत आहे हे त्यांना तेव्हाच आठवलं असावं. चेहरा पार उतरला. "पुसा, बाई. सगळं पुसा." माझ्या बापाला माझ्यासमोर मान खाली घालावी लागली, याची मला इतकी लाज वाटली की मीही वर बघितलं नाही.

बसस्टॉपवर बाई म्हणाल्या, "तुला बाहेर पाठवायला हवं होतं. चुकलंच माझं."

बाबा आणि मी त्यावर कधीच बोललो नाही. दोनेक वर्षांनी ते अचानक गेले आणि लक्षात आलं, त्यांचा आवाज आता कुठेच नाही. मी बाईंचं घर गाठलं. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं.

"बाई, बाबांची ती टेप... खरंच पुसलीत?"

"त्यांना शब्द दिला होता ना रे."

बाईंनी एकदा तरी शब्द मोडला असेल, या आशेने मी आलो होतो. त्यांना ते कळलं. त्या रागावल्या नाहीत, उठून आणखी चहा टाकायला गेल्या, आणि मी तिथे कोचावर तोंड लपवायला जागा शोधत बसलो.