रेती मीच ओली केली

"दीदी, बुक मुझे दो. तुम वो साफ कर दो ना."

मिसने माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे वेदांतने घाबरून चड्डीत शू केली होती. ओघळ हळूहळू मुलांच्या सतरंजीकडे येत होता.

शाळा सुरू होऊन दुसरा आठवडा. नव्या रायपुरात, रुंद रिकाम्या रस्त्याच्या कडेला, भाड्याच्या बंगल्यात उघडलेली ब्रिटिश प्राथमिक शाळा. दोनच वर्ग. त्या सकाळी पालकांना वर्ग बघायला बोलावलं होतं. मिसला यायला उशीर झाला, म्हणून मीच मुलांना गोल बसवलं आणि गोष्ट वाचायला घेतली. इंग्रजी गोष्ट, एका म्हाताऱ्या कासवाची. मी मान आत-बाहेर करत वाचत होते, मुलं खिदळत होती. काचेपलीकडे पालकही हसत होते. दहा मिनिटं मी शिक्षिका होते.

मग मिस आली. मी पुस्तक दिलं. फडकं घेतलं. गुडघे टेकून फरशी पुसली, पालकांकडे पाठ करून. माझ्या मागे तिने तेच पान तिच्या गुळगुळीत इंग्रजीत वाचलं. टाळ्या वाजल्या.

शू पुसायची मला लाज नव्हती. लेकराची शू कोणीतरी पुसणारच. पण पुस्तक माझ्याकडे राहून तिनेही फडकं उचललं असतं तर चाललं असतं की. तिच्या मनात ते आलं नाही. आणि खरं सांगते, माझ्याही मनात आलं नाही. माझा हात आपोआप फडक्याकडे गेला. त्या हाताचा राग मला वर्षभर पुरला.

माझे बाबा गोंदियाकडचे. रेल्वेत रुळांवर काम करायचे, बदलीवर रायपूरला आले आणि इथलेच झाले. माय स्टेशनातली वेटिंग रूम झाडायची. मी बी.ए. केलं, डी.एड. केलं, एका लहान हिंदी शाळेत नऊ वर्षं पहिलीला शिकवलं. ती शाळा बंद पडली तेव्हा या ब्रिटिश शाळेत गेले. हेडमिस्ट्रेस इंग्लंडहून आलेल्या. बोलायला गोड. म्हणाल्या, सध्या हेल्पर म्हणून या, शाळा वाढली की बघू.

शाळा वाढली की. एवढ्या तीन शब्दांवर मी निळा एप्रन घातला.

मिस शहरातल्या चौबे कॉलनीत राहायची. मराठीच. भोसल्यांच्या काळात आलेलं घराणं आहे आमचं, असं सगळ्यांना सांगायची. पहिल्या दिवशी मी खूश होऊन म्हटलं, "मीही मराठीच आहे."

"हो का? आडनाव काय?"

मी सांगितलं.

"अच्छा," ती म्हणाली.

हा अच्छा मी लहानपणापासून ओळखते. वर्गात ऐकलाय, भाड्याची खोली बघायला गेल्यावर ऐकलाय. त्यानंतर ती माझ्याशी मराठीत एक शब्द बोलली नाही. मी दीदी झाले. हिंदीतली, एप्रनातली दीदी.

मी तिच्यावर जळायचे. याला दुसरा शब्द नाही. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान. हेडमिस्ट्रेसच्या टेबलाला टेकून उभी राहायची. त्यांच्यासमोर जांभई द्यायची. मला कोणत्याही मोठ्या बाईंसमोर कधी जांभई देता आली नाही. सगळ्यात जास्त जळायचे ती चुकायची तेव्हा. फळ्यावर स्पेलिंग चुकलं की "उप्स" म्हणून हसायची, मुलंही हसायची, संपलं. माझं चुकलं असतं तर ते माझ्या आडनावाचं चुकलं असतं.

घरी जाताना बस रिकामीच असायची. मी मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून तिची वाक्यं पुटपुटायचे. तिच्यासारखं 'व्हेरी गुड' म्हणून बघायचे. मग स्वतःचीच चीड यायची.

वेदांत ठेकेदाराचा मुलगा. पेन्सिलीला घाबरायचा. चुकलं की खोडायचा, खोडता खोडता कागद फाडायचा आणि रडायचा. शेजारीच शाळेच्या नव्या इमारतीचं बांधकाम चालू होतं. तिथून मी रेती आणली. चाळली, धुतली, उन्हात वाळवली, ट्रेमध्ये पातळ पसरली. बोटाने अक्षर काढायचं, त्याचा आवाज तोंडाने म्हणायचा. ट्रे हलवला की अक्षर गायब. चूक मागे राहतच नाही. वेदांत हसला. त्याचं बघून बाकीचेही मागायला लागले. दिवाळीपर्यंत तो छोटे छोटे शब्द वाचायला लागला.

दिवाळीनंतरच्या पालकसभेत मिसने सांगितलं, "माय सँड ट्रे मेथड." वेदांतच्या आईने तिचे हात हातात घेतले. मी मागे चहाचे कप घेऊन उभी होते.

शाळा वाढली. तिसरा वर्ग उघडला. जानेवारीत नवी इमारत, पाच वर्ग. नव्या मिस आल्या. एक दिल्लीहून, एक भिलाईहून. एकीचं तर बी.ए.सुद्धा व्हायचं होतं, पण इंग्रजी सुरेख. दर वेळी मी ऑफिसात गेले. दर वेळी उत्तर, "नेक्स्ट टर्म." तिसऱ्या वेळी हेडमिस्ट्रेसनी माझा हात धरला. म्हणाल्या, तुझ्यासारखी हेल्पर आम्हाला कुठे मिळणार?

घरी येऊन मायला सांगितलं. ती म्हणाली, "काहून जळतं वो पोट्टी? पगार वेळेवर येऊन राहिला ना? म्या जिंदगीभर झाडू मारला, कोनाचा हेवा नाही केला."

मी म्हटलं, "म्हणूनच जिंदगीभर झाडू मारला."

माय जेवण अर्धं टाकून उठली. माझं जळणं आता घरातही पोचलं होतं.

फेब्रुवारीत इंग्लंडहून दोन पाहुणे तपासणीला येणार होते. मिस त्यांना धडा दाखवणार होती. कोणता? रेतीचा. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर तिने मला ट्रे तयार करायला सांगितलं. "दीदी, एकदम परफेक्ट चाहिए." मी सगळे ट्रे भरले. तळहाताने रेती सारखी केली. छान दिसत होती. मग बाथरूममधून बादली आणली आणि प्रत्येक ट्रेमध्ये पाणी ओतलं. वर झाकणं ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे मागच्या खुर्च्यांवर बसले. हेडमिस्ट्रेस त्यांच्या शेजारी. मिसने वेदांतला पुढे बोलावलं. झाकण काढलं. त्याने नेहमीसारखं हलकं बोट फिरवलं. नुसता ओरखडा. ट्रे हलवला, रेती जागची हलेना. मिसने दुसरा ट्रे उघडला. तिसरा उघडला. तिचे कान लाल झाले.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? पोटातून गुदगुल्या झाल्यासारखा आनंद.

मग वेदांतचा खालचा ओठ हलायला लागला. तो माझ्याकडे बघत होता. त्याला वाटत होतं त्याचंच काहीतरी चुकलंय. मिसला काय होणार होतं? ती उप्स म्हणून सुटली असती. मी आग लावली तिच्यासाठी, आणि भाजलं हे पोरगं.

हेडमिस्ट्रेसनी विचारलं, "हू प्रिपेअर्ड दीज?"

"द हेल्पर," मिस म्हणाली.

दिवाळीपासून रेती तिची होती. बिघडली तेव्हा एका क्षणात माझी झाली. आणि गंमत अशी की या वेळी ती खरं बोलत होती.

मी उठले. गप्प राहिले असते तर हेल्परचा निष्काळजीपणा म्हणून सगळं मिटलं असतं. तसं मिटवायचं नव्हतं. बसमध्ये पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. माझंच इंग्रजी आलं, मोडकं.

"येस. आय पुट वॉटर. आय स्पॉइल्ड इट." मग श्वास घेतला. "अँड आय मेड इट. धिस मेथड इज माय वर्क."

मी वेदांतच्या शेजारी जमिनीवर बसले. "बेटा, तेरी गलती नहीं है. मेरी है. उंगली जोर से दबा." त्याने दाबली. ओल्या रेतीत खोल अक्षर उमटलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि दुसरं काढलं.

"दीदी, बाहर जाओ," मिस दबक्या आवाजात म्हणाली.

"नाही जात," मी मराठीत म्हटलं. "त्याचं नाव पूर्ण होऊ दे."

"तुला लाज नाही वाटत?"

इतक्या महिन्यांनी तिच्या तोंडून मराठी आलं, ते हे.

"'तुला' नव्हे," मी म्हटलं. "तुम्हाला म्हणा."

वेदांतने नाव पूर्ण केलं. मग मी बाहेर गेले.

दुपारी ऑफिसात हेडमिस्ट्रेसनी कोरा कागद दिला. मिसची लेखी माफी मागा, हेल्पर म्हणून राहा. मी लिहिलं. वेदांतची माफी मागितली. वर्गाचा धडा वाया घालवला म्हणून शाळेची मागितली. खाली लिहिलं की रेतीची पद्धत माझी आहे आणि ती दुसऱ्याच बाईच्या नावावर सांगितली गेली. मिसची माफी मागितली नाही. त्यांनी वाचलं. म्हणाल्या, शेवटची दोन वाक्यं काढा.

"नाही काढणार."

एप्रनची गाठ सोडली आणि तो टेबलावर ठेवला. नोकरी गेली. मायने विचारलं, "आता वो?" मार्च-एप्रिल बिनपगाराचेच गेले.

आता पुरानी बस्तीतल्या एका छोट्या शाळेत पहिलीला शिकवते. खोलीत एक पंखा आणि साठ पोरं. मुलं मला मॅडम म्हणतात. पण माझं जळणं विझलेलं नाही. त्या ब्रिटिश शाळेचं मोठं होर्डिंग चौकात लागलंय, त्यावर मिस हसतेय. दिसलं की अजूनही छातीत कळ येते. लोक सांगतात हेवा वाईट. मुलाला रडवलं ते वाईटच, ते माझ्या माथी आहे, आयुष्यभर राहील. पण मला जे हवं होतं ते वाईट नव्हतं. ते माझ्याच कामाचं श्रेय होतं.

त्या शाळेत यंदा आणखी दोन वर्ग उघडतायत. शिक्षक हवेत, अशी जाहिरात आलीय. मी अर्ज केलाय, शिक्षिकेच्या जागेसाठी. फेब्रुवारीत मी काय केलं तेही त्यात लिहिलंय. बोलावणार नाहीत, मला माहीत आहे. मग मी स्वतः जाऊन ऑफिसात बसेन. नाही म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर म्हणा. नाकारण्याचं कारण कागदावर लिहून द्या, खाली सही करा. तोपर्यंत मी त्या खुर्चीवरून उठणार नाही.