मिठाच्या ढिगावरची बोटं

आमच्या अब्बांसारखा माणूस घरात असला की डोक्याला दुसरा ताप लागत नाही. नाव रशीद, वय बहात्तर. श्रीगोंद्यातल्या टॉकीजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होते. टॉकीज बंद पडून अकरा वर्षं झाली, तिथं आता मंगल कार्यालय आहे, पण अब्बा मनानं अजून प्रोजेक्टरच्या केबिनमध्येच बसलेत.

आणि वेड कसलं, तर फ्रान्समधल्या जुन्या माहितीपटांचं. पूर्वी कॉलेजचे एक सर रविवारी सकाळी टॉकीजमध्ये फिल्म क्लब चालवायचे. त्यात असली वीस-वीस मिनिटांची रिळं यायची. ना गाणं, ना मारामारी. कुणी पाव भाजतंय, कुणी जाळं विणतंय. बघायला मोजून पंधरा माणसं, पण अब्बा फिदा. त्यातली समुद्राकाठी मीठ गोळा करणाऱ्या बायांची काळी-पांढरी फिल्म तर त्यांच्या डोक्यात जी बसली ती बसलीच. आज तिच्या तीन कॉप्या आमच्या कपाटात आहेत, आणि देवा रे, तीनपैकी एकही त्यांना पसंत नाही.

पहिली सरांच्या कॅसेटवरून उतरवलेली. तिच्यात म्हणे चित्राच्या कडा कापल्यात, डावीकडची बाई अर्धीच उरलीय. दुसरी परदेशातून मागवलेली डीव्हीडी. अठरा मिनिटांची फिल्म तिच्यात सतरा मिनिटं सतरा सेकंदांत उरकते. ती जरा पळवलीय, त्यामुळं निवेदकाचा आवाज बारीक झालाय. फ्रेंच आमच्या सात पिढ्यांत कुणाला येत नाही, पण आवाज बारीक झाल्याचं दुःख मात्र रोज जेवताना ऐकायचं. तिसरी मामूनं दुबईहून पाठवलेली नवी ब्लू-रे. ती इतकी धुऊन-पुसून काढलीय की आभाळाला रंगसफेदी केल्यासारखं वाटतं, असं अब्बांचं मत.

सगळ्यांची परीक्षा एकाच जागी. नवव्या मिनिटाला एक म्हातारी मिठाच्या ढिगावर हात टेकते आणि तिच्या पाच बोटांचे ठसे तिथं उमटतात. कॅसेटमध्ये ते पुसट दिसतात, ब्लू-रेमध्ये लख्ख. डीव्हीडीत नुसता पांढरा ढीग, ठसे गायब.

आता ही परीक्षा अब्बांनी एकट्यानं करावी ना? ते होणं नाही. टॉकीजच्या केबिनमधून पडदा लांब पडायचा, चित्र नीट आलंय की नाही ते वरून कळायचं नाही. म्हणून लग्न झाल्यापासून प्रत्येक नव्या फिल्मच्या पहिल्या खेळाला माझी अम्मी, हाजराबी, खाली लेडीजमध्ये बसायची. चित्र पुसट असलं की ती रुमाल वर धरायची. अब्बा भिंग फिरवत राहायचे. चित्र स्वच्छ झालं की रुमाल खाली. अब्बांचा तेव्हापासूनचा कायदा असा, की हाजरा हो म्हणेल तेच चित्र खरं.

मार्चमध्ये वाचनालयाच्या पंकजाताईंनी विचारलं, रशीदचाचा, आमच्या हॉलमध्ये एखादी जुनी फिल्म दाखवता का? झालं. अकरा वर्षांनी शो! रोज दुपारी खिडकीला चादर, अम्मी टीव्हीसमोर खुर्चीत आणि तिन्ही कॉप्या पाळीपाळीनं. अब्बांचे हात थरथरतात, म्हणून तबकड्या बदलायला मी. माझी शिवणाची गिऱ्हाइकं दारात ताटकळायची आणि मी आत मीठ बघत बसायची. अक्षरशः वीट आला.

पण खरी आग वेगळीच होती. अम्मीला दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही पिकलेला. नगरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, याच महिन्यात ऑपरेशन करा, उशीर झाला तर डोळे हातचे जातील. अम्मीचं एकच पालुपद, आधी शो होऊ दे. तिनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि अब्बांना सांगणार नाही असं वदवून घेतलं. ती निभावून कशी न्यायची? अब्बा आधी कॉपीचं नाव सांगायचे आणि प्रत्येक कॉपीबद्दलची त्यांची कुरकुर हिला तोंडपाठ. डीव्हीडी म्हटलं की बोटं न्हाईत. नवी म्हटलं की लख्ख. एक हट्टी आणि दुसरी त्याहून हट्टी, मधल्या मधे माझं भरीत.

शेवटी माझं डोकं फिरलं. शपथ न सांगण्याची होती, न दाखवण्याची नव्हती. अब्बा म्हणाले, आता नवी लाव. मी आवाज बंद करून डीव्हीडी लावली.

नववं मिनिट आलं. म्हातारीनं हात टेकला. ढीग नुसता पांढरा.

"दिसली का बोटं?" अब्बांनी विचारलं.

"दिसली की. लख्ख," अम्मी म्हणाली.

अब्बांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. ते उठले, अम्मीच्या मांडीवरचा रुमाल अलगद उचलला आणि तिच्यासमोर हातभर अंतरावर धरला.

"हाजरा, माझ्या हातात काय हाय?"

"रिमोट," अम्मी म्हणाली.

मग मोतीबिंदू, डॉक्टर, ऑपरेशन, सगळं बाहेर आलं आणि अब्बांचा जो पारा चढला! आधी मला, मग डॉक्टरांना, मग मामूला आणि त्याच्या ब्लू-रेला. सगळ्यांचा उद्धार झाल्यावर म्हणाले, शो रद्द. अम्मी रडायलाच लागली. अकरा वर्षं वाट बघितली तुमी, माझ्यापायी घालवू नका म्हणाली. अब्बा तिच्या पायाशी खाली बसले.

"तीस वर्षं मी पडदा कवा बघितला? मी तुझा रुमाल बघत हुतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही नगरला. दोन्ही डोळे व्हायला दीड महिना गेला, पंकजाताईंनी बिचारीनं तारीख पुढं ढकलली. डोळे सुधारल्यावर अम्मीनं तिन्ही कॉप्या शांतपणे बघितल्या आणि निकाल दिला. नवी लावा, बाकी बाया तिन्हीत सारख्याच दमलेल्या दिसतात. अब्बांच्या इतक्या वर्षांच्या अभ्यासाचं एवढंच फळ! अब्बा दोन दिवस धड जेवले नाहीत, पण कायदा तो कायदा.

शोला वाचनालय भरलं. अम्मी पहिल्या रांगेत, अब्बा मागं प्रोजेक्टरपाशी. चित्र पुसट आलं आणि अम्मीचा रुमाल वर गेला. अब्बांनी भिंग फिरवलं. चित्र स्वच्छ झालं. रुमाल वरच. अब्बांनी पुन्हा फिरवलं, पुन्हा पुसट, पुन्हा स्वच्छ. रुमाल काही खाली येईना. लोक चुळबुळायला लागले, अब्बा मोठ्यानं ब्लू-रेच्या नावानं बोटं मोडायला लागले. मी वाकत वाकत पुढं गेले. अम्मी मान वळवून मागंच बघत होती.

"अम्मी, अजून दिसत नाहीये का?"

"केव्हाचं दिसतंय गं," ती म्हणाली. "पर रुमाल खाली घेतला की ते माझ्याकडं बघायचं थांबतील."

मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले. मागून अब्बांची कटकट चालूच होती.