इंजिनाची चमक उतरवताना

धम्मदीपच्या सासऱ्यांना, म्हाळूआप्पांना, काहीही दाखवा, त्यांचं उत्तर ठरलेलं: "बरं हाय." जावई पहिल्यांदा समोर बसला तेव्हा "बरं हाय." जावयानं शिरूरला घर बांधलं, "बरं हाय." नात बारावीला तालुक्यात पहिली आली तेव्हा सगळं घर पेढे वाटत सुटलं होतं, आणि आप्पा पेढा चघळत म्हणाले, "बरं हाय." तो शेरा नातीला होता की पेढ्याला, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

आप्पा दौंडच्या शेडात कोळशाच्या इंजिनावर फायरमन होते. उमेदीची वर्षं त्यांनी भट्टीत कोळसा टाकण्यात घालवली. पुढं डिझेल आलं, त्यांचं लाडकं इंजिन भंगारात गेलं, आणि तेव्हापासून आप्पांचं बोलणं आटलं, असं त्यांची लेक करुणा सांगायची. धम्मदीपच्या मनाला मात्र ते "बरं हाय" लागून राहिलं होतं. त्याचे स्वतःचे वडील तो लहान असतानाच गेले. बापाच्या वयाच्या या माणसानं एकदा तरी मनापासून दाद द्यावी, एवढीच त्याची हौस होती. सासुरवाडीकडून त्याला दुसरं काही नको होतं.

म्हणून त्यानं आप्पांच्या इंजिनाचं मॉडेल बनवायला घेतलं. पीव्हीसीच्या पाइपाचा बॉयलर, ऑनलाइन मागवलेली चाकं, शिरूरच्या रेडियमवाल्याकडून कापून आणलेला पांढरा नंबर. खाली रूळ, बाजूला कोळशाचा ढीग, पाण्याचा उंच नळ आणि शेडाची भिंत. जुना फोटो समोर ठेवून तो रविवार रविवार बसायचा. करुणा म्हणायची, "माझ्या बापाचं इंजिन करताय, तसं एकदा माझ्या मिक्सरकडंबी बघा."

धम्मदीप रांजणगावच्या एका कारखान्यात पेंट शॉपला होता. तिथं एकच कायदा, रंग दिलेल्या पत्र्यात तोंड दिसलं पाहिजे. त्या कायद्यानं त्यानं इंजिन रंगवलं आणि भीमजयंतीला मोठ्या ऐटीत दौंडला नेलं. आप्पांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं.

"बरं हाय," ते म्हणाले. मग ते खाली ठेवत, "पर ह्ये कुठं निघालंय? लग्नाला?"

सासूबाई, पार्वतीबाई, पदर तोंडाला लावून हसल्या. धम्मदीपचं तोंड एवढंसं झालं. पण परतीच्या वाटेवर न्हावऱ्याला चहा घेताना त्याच्या डोक्यात उजेड पडला. आप्पा आज चार शब्द जास्त बोलले होते! इंजिन चुकलं नव्हतं, चमक चुकली होती. उभी हयात कोळशात गेलेलं इंजिन आरशासारखं कसं चमकेल? वरून चमक घालवणारा, बिनरंगाचा मॅट स्प्रे बसला की काम होईल. आणि मुहूर्तही जवळच होता. एक जूनला आप्पांची पंचाहत्तरी होती. म्हणजे शाळेतल्या गुरुजींनी आपल्या सोयीनं लिहिलेली, त्यांच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राची असते तीच ही जन्मतारीख.

बिनरंगाचा मॅट स्प्रे ऐकायला सोपा वाटतो, आणायला गेलं की कळतं. शिरूरच्या पेठेतल्या खंडूच्या रंगाच्या दुकानातून त्यानं एक डबा आणला. इंजिनावर एकदम मारायची छाती झाली नाही, म्हणून जुन्या साबणदाणीला काळा रंग दिला, वर नंबराचा एक तुकडा चिकटवला आणि आधी तिच्यावर मारून पाहिलं. सुकल्यावर साबणदाणी पहिल्यापेक्षा ऐटीत चमकायला लागली. तो ती घेऊन दुकानात गेला.

"खंडूशेठ, ह्याला मॅट म्हणायचं?"

"मॅटच हाय की," खंडू म्हणाला. "तुम्ही उजेडात धरलीया. अंधारात बघा."

दुसरा डबा पुण्याहून मागवला. त्यानं चमक घालवली, पण इतका जहाल निघाला की नंबराच्या तुकड्याला सुरकुत्या पडल्या. बिचाऱ्या साबणदाणीनं इंजिनाचा जीव वाचवला. तिसरा डबा खास छोट्या मॉडेलांसाठीचा होता, नंबराला न दुखवणारा. महाग होता, पण आता माघार कसली! ड्यूटीवरून आल्या आल्या, ढगाळ संध्याकाळी, त्यानं गच्चीवर उभं राहून तो मारला. बघता बघता काळ्या साबणदाणीवर पांढुरका थर धरला.

"कुणी राख फासली हिला?" करुणानं विचारलं.

धम्मदीपनं कपाळावर हात मारून घेतला. दमट हवेत स्प्रे मारला की रंग पांढरा पडतो, हे कारखान्यात नव्या पोरांना तोच शिकवायचा. शिवाय चमक घालवणारी भुकटी डब्याच्या तळाशी बसते, डबा नीट हलवला नाही तर ती वर येतच नाही, हेही त्याला पाठ होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पुढच्या सुट्टीला कडक ऊन पडलं. त्यानं डबा हात दुखेपर्यंत हलवला, इंजिनाच्या दिव्याच्या काचेवर टेपचा तुकडा लावला, कारण मॅट बसला की काचही आंधळी होते. मग हातभर लांबून हलके हलके हात फिरवले. एक थर दिला, सुकू दिला, दुसरा दिला. चमक विझत गेली आणि काळा रंग खोल होत गेला. टेप काढली तेव्हा अख्ख्या काळ्या इंजिनावर तेवढा दिवा लकाकत होता. करुणा मागं येऊन उभी राहिली आणि इंजिनाकडं बघतच राहिली. लहानपणी बापाच्या जेवणाचा डबा घेऊन शेडावर जायची, त्याची तिला आठवण झाली असावी. धम्मदीपला इतका आनंद झाला की त्यानं त्याच दिवशी मिक्सरसुद्धा दुरुस्त केला.

एक जूनला सगळा देखावा जपून दौंडला पोचला. आप्पा नेहमीप्रमाणं स्टेशनावरच्या बाकावर पेन्शनरांच्या बैठकीत होते. देखावा टेबलावर मांडून धम्मदीप त्यांना आणायला गेला. करुणा स्वयंपाकघरात खिरीपाशी होती.

इकडं पार्वतीबाईंनी इंजिन पाहिलं. जावयानं एवढं हौसेनं आणलेलं, आणि त्यावर ही धूळ! त्यांच्या घरात पाहुणा यायच्या आधी वस्तू पुसायची रीत. त्यांनी खोबरेल तेलाचा बोळा घेतला आणि चाकं, दांडे, बॉयलरची खालची बाजू लख्ख पुसून काढली.

धम्मदीप आप्पांना घेऊन दारात आला आणि जागीच थिजला. खालचं अर्धं इंजिन तेलानं लखलखत होतं. साबणदाणीपासूनची सगळी मेहनत पाण्यात! आता आप्पा पुन्हा लग्नाचं विचारणार. त्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

आप्पांनी चष्मा लावला. टेबलाजवळ गेले, वाकले, बराच वेळ बघत राहिले.

"कुणी पुसलं ह्ये?"

"म्या पुसलं," पार्वतीबाई म्हणाल्या. "धूळ व्हती नुसती. वरचं नाजूक दिसलं, तिथं न्हाई हात लावला."

आप्पा एकदम खदखदून हसले. करुणा हातात पळी घेऊनच बाहेर धावत आली. तिनं बापाचं असं हसणं कैक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"आरं, आसंच असायचं की! ड्यूटीवर निघायच्या आदुगर तेलाचा बोळा घिऊन आमी इंजिन पुसायचो. हात पोचंल तेवढंच चकाकायचं. वरचा बॉयलर आन् धुराडं तसंच काळं. तिथं कोण चढतंय मरायला! ह्यो नळ बघ, हितं पाणी भरायचो. आन् ह्यो कोळसा. करुणे, तू हितं डबा घिऊन उभी ऱ्हायचीस, आठवतंय का? जवा बघावं तवा तुझा फ्रॉक काळा!"

आप्पा बोलत सुटले. चढणीवर दम टाकणारं इंजिन, ओला कोळसा देणारा कारकून, भट्टीतल्या फावड्यावर भाजलेली वांगी, सगळं बाहेर आलं. बोलता बोलता त्यांचं बोट इंजिनाच्या वरच्या, न पुसलेल्या काळ्या भागावरून फिरलं. तिथं धम्मदीपचा मॅट शाबूत होता. आप्पांनी बोट डोळ्यांसमोर धरलं. बोट स्वच्छ होतं. तरी जुन्या सवयीनं त्यांनी ते पांढऱ्या सदऱ्याला पुसलं.

"आवो, सदऱ्याला नका पुसू!" पार्वतीबाई ओरडल्या. "कोळशाचा डाग निघत न्हाई!"

मग त्यांचं त्यांनाच हसू आलं आणि डोळेही भरून आले. आप्पांनी धम्मदीपला जवळ ओढून शेजारी बसवलं आणि खांद्यावरचा हात काही काढला नाही. खीर गार झाली, कुणाला भान नव्हतं. निघायची वेळ झाली तरी आप्पांच्या गोष्टी संपल्या नव्हत्या, आणि गाडी न्हावऱ्याच्या पुढं गेल्यावर धम्मदीपच्या लक्षात आलं, की आज "बरं हाय" म्हणायचं आप्पा साफ विसरले.