चौदा जणींचं एकच उत्तर

मॅडमनी फॉर्मचा गठ्ठा टेबलावर आपटला. "हे सगळे तू घरी बसून भरलेस ना?"

पांढुर्ण्यात सरांच्या घरी, वरच्या हॉलमध्ये आम्ही बसलो होतो. सर कॉलेजात शिकवतात. घराणं कापसाच्या व्यापाऱ्यांचं, आणि त्यांचं वावर, म्हणजे शेत, आमच्या गावाला, सौसरकडे. मॅडम मोठ्या शहरातून आलेल्या. माणसाला स्वतःची किंमत किती वाटते ते मोजायची प्रश्नावली त्यांच्याकडे होती. मूळ परदेशातली. ती आपल्या बायांना लागू पडेल अशी करायची होती. त्यासाठी मला आणि फॉर्म भरायला आणखी तिघींना घेतलं. मी एम.ए. झालेली, खेड्यातली. बायांची भाषा मला येते आणि त्या माझ्याशी बोलतात.

मी म्हटलं, नाही मॅडम, वावरात जाऊन भरले.

"मग चौदा बायांचं उत्तर एकच कसं?"

सहावा प्रश्न. 'मी माझ्या सोबतच्यांपेक्षा चांगलं काम करते.' समोर चार चौकोन. चौदाही जणींची खूण शेवटच्या चौकोनात. अजिबात नाही.

मी तोंड उघडणार तेवढ्यात सर हसले. "जाऊ द्या मॅडम. हिची माय आमच्याच वावरात निंदाले येते. यायच्या डोक्यात निंदनाच्या पलीकडं काही येतच नाही."

बाकीच्या तिन्ही सर्वेक्षणवाल्या मुलींनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशी मॅडमनी घरी काय करतात म्हणून विचारलं होतं, तेव्हा मी सांगितलं होतं, आमची शेती आहे. साफ खोटं. हातभर जमीन नाही आम्हाला. माझे कान तापले आणि मान खाली गेली. सरांच्या बोलण्यापेक्षा त्या खाली गेलेल्या मानेची मला आजही जास्त चीड येते. मायच्या घामावर शिकले आणि तिचं काम ऐकून मीच मान खाली घातली.

चौदा जणींचं उत्तर एक का, ते मला माहीत होतं. वावर निंदलेल्या, त्यातलं तण काढलेल्या कोणालाही माहीत असतं. निंदणाला बाया रांगेत बसतात. प्रत्येकीची एक पाथ, म्हणजे कपाशीच्या दोन ओळींमधली तिची पट्टी. जिची पाथ आधी संपते ती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन बसत नाही. ती वळते आणि मागे राहिलेल्या बाईच्या पाथीत समोरून शिरते. मग सगळ्या एकदमच धुऱ्यावर निघतात. एखादी म्हातारी असते, एखादी तापातून उठलेली. मालकाला कळत नाही कोण मागे होती. कळू द्यायचंच नसतं, कारण जी मागे दिसली तिला दुसऱ्या दिवशी बोलावणं येत नाही.

सूचनेत लिहिलं होतं, एकेकीला बाजूला घेऊन विचारा. मी तसं केलं नाही. दुपारी बाभळीखाली सगळ्या भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या, तिथेच विचारलं. ही माझी चूक होती, नाकबूल करत नाही. सहावा प्रश्न वाचला तेव्हा टोळीतली सगळ्यात जुनी गिरजाबाई घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"सोबतीनपेक्षा मी बरी, असं लिहून देऊ? अन् उद्या हा कागद मालकानं पाह्यला तं?"

मालक कशाला पाहील, मी म्हटलं. मायने कागद आपल्याकडे ओढला. तिने शेवटच्या चौकोनावर बोट ठेवलं. मग एकेकीने ठेवलं.

हा प्रश्न इथे चालणार नाही, हे मी मॅडमना आधीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, शब्द बदल, प्रश्न बदलू नकोस, प्रश्न तपासून झालेले आहेत. मी शब्द बदलले. सोपे सोपे शोधून घातले. त्यांनी "छान" म्हटलं आणि मी फुगले.

आता तोच कागद मालकाच्या टेबलावर होता. मीच आणून ठेवला होता.

मॅडम जरा नरमल्या. म्हणाल्या, फॉर्म मीच घरी बसून भरले एवढं लिहून सही कर, पुढच्या गावांचं काम तुझ्याकडेच राहील. सर फॉर्म चाळत होते. प्रत्येकावर बाईचं नाव. म्हणाले, बायांना आपण बोलावून घेऊ, एकेकीला आत घेऊन विचारू. आणि मग सहज बोलल्यासारखं, "टोळीत कोन मागं राहते, थे तरी कयून जाईन."

तिथे माझं डोकं फिरलं. मॅडमचा पेन माझ्या हातात होता. तो मी टेबलावर ठेवला आणि गठ्ठा सरांच्या हातातून ओढून घेतला.

"सही मी करत नाही. फार्म खरे आहेत. हो सर, माही माय तुमच्याच वावरात निंदते. तिलेच विचारून आली मी."

"कोनाशी बोलून राहिली तू?" सर म्हणाले.

"मालकाशी."

मॅडमनी शांतपणे वहीत काही लिहिलं आणि मुलींना समजावून सांगितलं की न्यूनगंड असाच रागातून बाहेर पडतो. धन्य ती विद्या. मी चौदा फॉर्म पिशवीत घातले, जिना उतरले आणि सौसरची बस धरली.

घरी मायला सगळं सांगितलं. शेती आहे असं खोटं बोलले तेही सांगितलं. मला वाटलं होतं, पाठीवर हात ठेवेल. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"पह्यल्याच दिवशी सांगा लागत होतं, माय निंदते म्हनून."

एवढं बोलून तिने तव्यावरची भाकर उलटली.

सरांनी बायांना बोलावलंच. आमच्या गावातल्या त्यांच्या गोठ्याशेजारच्या खोलीत, एकेकीला आत घेतलं, दार लावून. गिरजाबाई आत गेली, बाहेर आली. मग दुसरी, तिसरी. मॅडमनी नवे फॉर्म आणले होते. चौदा जणी, चौदा वेळा, शेवटचाच चौकोन.

तरी अहवालात आलं की या भागातल्या बायांना स्वतःची किंमत वाटत नाही. मॅडमना आपली मोजपट्टी कुठेतरी लावायचीच होती, लावली. पुढच्या निंदणाला सरांच्या वावरातून टोळीला निरोप आला, त्यात मायचं नाव नव्हतं. माझं कामही गेलं. उत्तर एकच दिलं म्हणून कोणाचं काही वाचलं, असं मी सांगणार नाही.

ते चौदा फॉर्म माझ्या पेटीत आहेत. आता घरी काय करतात, हे कोणी विचारायच्या आत मीच सांगते, माय निंदते.

असे कागद घेऊन आणखी कोणी येईल. येतातच. त्यांना भाषा येणारी बाई लागेल आणि ते मला शोधत येतील. तेव्हा मी नुसते शब्द बदलून देणार नाही. त्यात माझा एक प्रश्न राहील: मागे राहिलेल्या बाईसाठी तुम्ही कधी वळलात का? तो आधी मॅडमना विचारीन, सरांना विचारीन, कागद आणणाऱ्या प्रत्येकाला विचारीन. त्यांनी आपलं नाव लिहून त्या प्रश्नापुढे खूण केल्याशिवाय मी त्यांचा कागद एकाही बाईच्या पाथीत नेणार नाही.