अख्खा कणा

पापडीला रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की मटणाच्या दुकानात रांग लागायची. त्या रांगेत हाडांचे एक डॉक्टर हटकून माझ्या पुढे असत. बाकीचे लोक तुकडे बारीक करून मागायचे, हे म्हणायचे, "कणा अख्खा द्या. सुरा लावू नका."

खाटीक वैतागायचा. "डॉक्टर, अख्खा कणा कुठल्या टोपात शिजवता?"

"शिजवायचा नाहीये," एवढंच उत्तर. बोलताना त्यांचा अंगठा बोटावर फिरत राहायचा, बारीक स्क्रू पिळल्यासारखा.

घरी त्या कण्यात ते पेन्सिलीएवढी नळी घालायचे आणि तिच्यातून मणक्यांमधल्या चकतीचं फाटलेलं आवरण टाक्याने बंद करायचा सराव करायचे. माझी बायको त्यांचीच पेशंट, तिची चकती तशीच फाटली होती. ती जमिनीवर आडवी पडून भाजी निवडायची. मी दर रविवारी विचारायचो, "जमलं का?"

"टाका सुटतो अजून. माणसाला नाही घालणार. थांबा."

मला राग यायचा. मी दुसरा डॉक्टर बघू म्हटलं, तर बायकोच अडून बसली. "जो नाही म्हणतो ना, त्याच्याच हातून करून घेईन."

पावसाळा सरला. एका रविवारी डॉक्टर खाटकाला म्हणाले, "आज तुकडे करा. रश्श्याचे."

खाटीक सुरा उचलून तसाच बघत राहिला. डॉक्टरांचा अंगठा आज स्वस्थ होता. मी मटण न घेताच घरी आलो आणि बायकोची हॉस्पिटलची बॅग भरायला घेतली.