विहिरीवर बसवलेलं आमचं दार

आळीनं कायदा पाळावा म्हणून आम्ही आमच्या घराचं दार काढून दिलं. अक्कल माझी.

भोरात तेव्हा संस्थानी राज्य होतं. आमच्या आळीला एकच विहीर, आणि तिची जबाबदारी आळीच्या पंचांवर. मुख्य पंच आमचे मालक! हुकूम आला, विहिरीवर झाकण हवं, नाहीतर विहीर बंद. बंद म्हणजे नीरा नदीवरून हंडे वाहायचे, आणि ते बायकांनी. (पंचांनी नव्हे!) म्हणून पंच निवांत मिशा पिळत बसले. तपासणी उद्यावर आली, तेव्हा सुतार कापूरहोळला मेव्हणीच्या लग्नात जेवत होता.

"आता कसं?" मालकांनी मिशी सोडून मलाच विचारलं.

मी शेजारच्या धोंडिबांना म्हटलं, "भावजी, तुमचं दार टाका की विहिरीवर."

"आमचं किडलंय, वयनी. तुमचं सागवानी हाय."

सागवानी म्हटल्यावर मी फुगले. "न्या आमचं! चौकटीसकट न्या!"

नेलं. आणि काय बसलं म्हणता! दोन फळ्या. एक उघडायची, घागर सोडायची, कडी लावायची. मालक तर उगाचच चारदा कडी वाजवून आले.

सकाळी सासूबाई हळदकुंकू घेऊन निघाल्या.

"आत्याबाई, कुठं?"

"उंबरा पुजायला. हितं ठेवलायस का उंबरा?"

(रोजचा नेम! उंबरा विहिरीवर, तर पूजाही विहिरीवर.) त्यांनी रांगोळी घातली, फुलं वाहिली. ते बघून धोंडिबांच्या बायकोनं उदबत्ती लावली, कुणी नारळ फोडला. तपासणीचे साहेब आले तेव्हा दोघी प्रदक्षिणा घालत होत्या!

साहेबांनी वहाणा काढल्या. "कुठलं दैवत?"

"दैवत न्हाई साहेब, आमच्या घराचं दार हाय," मालक म्हणाले.

"दारापुढं नारळ फोडता?"

"मग! उंबऱ्याला काय मान न्हाई व्हय?" सासूबाई कडाडल्या.

साहेब देवभोळे. त्यांनी हात जोडले आणि निकाल दिला. झाकण पसंत! पण ही पूजेची जागा. वरून हुकूम येईपर्यंत कुणी झाकण उघडायचं नाही, हलवायचं नाही.

"घ्या!" मालक माझ्यावर खेकसले. "आजून काय द्यायचं ऱ्हायलंय?"

हुकूम यायला उन्हाळा सरला. तोवर आळीतल्या बायका नीरेवरून पाणी आणत होत्या आणि वाटभर माझा उद्धार करत होत्या. मी मात्र भरला हंडा डोक्यावर घेऊन ताठ मानेनं घरात शिरायची. चौकटच नव्हती, तर वाकायचं कशाला!